हार्डवेअरच्या रजिस्टरला हात लावण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणक-सुरक्षेची चर्चा पासवर्ड आणि व्हायरस यांच्यापाशीच थांबते. ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, हार्डवेअरच्या कॉन्फिगरेशन रजिस्टरशी (उपकरणाची मांडणी नोंदवणाऱ्या छोट्या साठ्याशी) व्यवहार करताना काय तपासतो, हा त्याखालचा प्रश्न क्वचितच मांडला जातो, म्हणून हे पत्र.

पीसीआय ही संगणकाला कार्डे जोडण्याची व्यवस्था. तिच्यावरील उपकरणाच्या प्रत्येक फंक्शनला (स्वतंत्र काम करणाऱ्या भागाला) २५६ बाइटांचे आणि पीसीआय एक्सप्रेस या तिच्या नव्या रूपात ४०९६ बाइटांचे कॉन्फिगरेशन क्षेत्र असते. चार बाइटांचे वाचन चारने भाग जाणाऱ्या स्थानापासूनच व्हावे, ही अट लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधील सामायिक उपकार्यक्रम स्वतः तपासतात. मर्यादेच्या तपासणीत मात्र चूक सहज होते. वाचनाचे स्थान आणि लांबी यांची बेरीज ४०९६ शी ताडून पाहिली, की काम झाले असे वाटते. पण ही बेरीज ३२ बिटांत मावली नाही तर ती पुन्हा शून्यापासून मोजली जाते आणि भलतेच स्थान वैध ठरते. आधी स्थान मर्यादेत आहे याची खात्री करावी आणि मगच उरलेल्या जागेशी लांबीची तुलना करावी.

त्याहून घातक म्हणजे आलेल्या उत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवणे. उपकरण काढून घेतलेले असेल तर वाचनातून सहसा सर्व बिट १ असलेला आकडा मिळतो. ‘तयार’ हा बिट १ होण्याची वाट पाहणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) अशा वेळी नसलेले उपकरण तयार समजून पुढे जातो.

तपासणीने वेग मंदावतो, हा आक्षेप मला मान्य नाही. एका कॉन्फिगरेशन वाचनाच्या वेळात प्रोसेसर अशा शेकडो तुलना करतो. तरीही एवढ्याने भागत नाही, हे २००८ साली दिसले. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांमुळे इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची कायमस्वरूपी मेमरी बिघडली आणि संशय ई१०००ई या ड्रायव्हरवर गेला. प्रत्यक्षात एफट्रेस ही कर्नलमधील कामांचा माग ठेवणारी सुविधा मोकळ्या झालेल्या जुन्या पत्त्यावर लिहीत होती आणि तिथे आता कार्डाची मेमरी जोडली गेली होती. ते लेखन ड्रायव्हरमधून गेलेच नाही, मग त्याची तपासणी काय अडवणार? एफट्रेसच्या दुरुस्तीखेरीज कार्डाच्या मेमरीलाही लेखनबंदी घालण्यात आली.

ड्रायव्हरचा कोड स्वीकारणाऱ्यांनी मर्यादा, उत्तराची वैधता आणि लेखनबंदी या तिन्हींबद्दल लेखी खुलासा मागावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक प्रणाली-अभियंता