पेटीमास्तरांना, अग्रशाळेतल्या त्या रात्रीबद्दल

आदरणीय पेटीमास्तर,
सा. न. वि. वि.

त्या रात्री लोकांच्या गराड्यातून सुटून मी तुम्हाला शोधत आलो, तोवर तुमची स्कूटर दीपस्तंभापलीकडे गेलीसुद्धा होती. आभार राहून गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमक्ष.

फोंड्याच्या आमच्या देवळातल्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, ‘कालिया मर्दन’ दाखवायचं ठरलं होतं. ठरलेल्या वादकाचा दुपारी निरोप आला, जमत नाही. मूकपटच आहे, तसाच लावा, असं बरेच जण म्हणाले. मला ते पटेना. मूकपटांच्या काळात थिएटरं मुकी नसत. पडद्याशी बसून कुणीतरी पेटी-तबला वाजवत असे. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि पुढे हळूहळू त्या पेट्या बंद झाल्या.

फोनवर तुम्ही विचारलंत, "गाणार कोण?"
"कुणीच नाही."
"मग मी मागे कुणाच्या जायचं?"
"पडद्याच्या."
थोडा वेळ तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, "एकदा बघून घेतो."

जत्रेच्या नाटकांना उभी हयात साथ केलेला माणूस माझ्या लॅपटॉपसमोर बसून लग्नपत्रिकेच्या पाठीवर टिपणं काढत होता: ‘पोरगी हसते’, ‘डोह’, ‘नाग’, ‘माणसं काठावर’.

फाळक्यांचा हा १९१९चा चित्रपट. सुरुवातीला त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते; पुढे तीच कृष्ण होते. तिथे तुम्ही एकच सूर धरून ठेवलात आणि तिचा चेहरा बदलला की शेजारच्या पट्टीवर अलगद सरकलात. तान नाही, हरकत नाही. तेवढ्यावर शंभर माणसं पुढे सरसावून बसली.

आणि डोह! कृष्णाने उडी घेतली तशी तुम्ही पेटी थांबवलीत. मी घाबरलो, वाटलं काहीतरी बिघडलं. मग तुमच्या पुतण्याचं घुमट, ते मडक्याचं तालवाद्य, एकटंच वाजू लागलं. तो डाव्या तळव्याने मडक्याचं तोंड झाकायचा, उघडायचा, आणि तो खोल, दबलेला नाद पाण्याखालून आल्यासारखा वाटायचा. सतरंजीवरची पोरं चिडीचूप. कृष्ण फण्यावर उभा राहिला तेव्हाच तुमचा भाता पुन्हा हलला. कुठे वाजवायचं नाही, हे इतकं नेमकं जाणणारा साथीदार मी आजवर पाहिला नव्हता. तासभर तुमची नजर पडद्यावरून ढळली नाही. बोटांकडे तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत.

माझी आई ऐंशीची आहे, तिला वाचायला दिसत नाही. मधल्या पाट्या वाचून दाखवायला मी शेजारी बसणार होतो. "राहू दे, पेटी सांगते आहे," म्हणाली.

मानधनाचं पाकीट तुम्ही देवापुढे ठेवलंत, त्याबद्दल तरी काय बोलू? तुमची ती लग्नपत्रिका मात्र माझ्याकडे राहिली आहे. रविवारी सकाळी घरी आणून देतो. आईलाही यायचं आहे.

आपला कृतज्ञ,
अग्रशाळेत प्रोजेक्टर लावणारा