कोपऱ्यातला आकडा आणि ताळा

प्रिय ताई,

तुम्ही दुसऱ्या टीममध्ये गेलात आणि नीट आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र.

अकाउंट्समधून मी तुमच्याकडे आले तेव्हा एक्सेलमधलं व्हीलुकअप येणारी म्हणजे हुशार, अशी माझी समजूत होती. बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या क्लाउडवरच्या डेटाबेसात, पहिल्याच दिवशी ऑर्डरच्या टेबलावर ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम दे) लिहिलं आणि शेवटी ‘लिमिट १०’. दहाच तर ओळी हव्यात! रन दाबणार तोच तुम्ही मागून म्हणालात, “थांब, आधी कोपऱ्यात बघ.” हिरव्या खुणेशेजारी, क्वेरी किती डेटा वाचणार त्याचा आकडा होता: ४१८ जीबी.

अशा टेबलावर लिमिटने दिसणाऱ्या ओळी कमी होतात, वाचला जाणारा डेटा नाही. पैसे लागतात ते वाचलेल्या डेटाचे, आणि डेटा साठवलेला असतो कॉलमवार. मी तीनच कॉलम मागितले, आकडा १९ जीबीवर आला. टेबल ज्या तारखेने तुकड्यांत विभागलं होतं, त्या पार्टिशनच्या तारखेची अट घातल्यावर १ जीबीच्याही खाली. नुसतं टेबल कसं दिसतं ते बघायचं तर प्रिव्ह्यू फुकट असतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

पण पैसे वाचले म्हणून हे पत्र नाही. पुण्याबाहेरच्या ऑर्डरचा रिपोर्ट आठवतो? ‘शहर पुणे नाही’ अशी अट लिहून मी मोकळी झाले होते. तुम्ही चूक दाखवली नाहीत. एवढंच म्हणालात, “तू अकाउंट्सची ना? मग ताळा घे.” पुण्याच्या आणि पुण्याबाहेरच्या ऑर्डरची बेरीज केली, तर एकूण आकड्याला १,२४० कमी! त्या ऑर्डरींत शहर नलच होतं, म्हणजे भरलेलंच नव्हतं. नलची कशाशीही तुलना केली की उत्तर ना खरं येतं ना खोटं, आणि व्हेअर, म्हणजे क्वेरीतला अटीचा भाग, अशी ओळ गुपचूप गाळतं. एररसुद्धा येत नाही हो! त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, जुनं सगळं विसरून इथे शून्यापासून सुरुवात करायची आहे.

डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून त्यांना उजवं टेबल जोडणारा लेफ्ट जॉइन मात्र अजून फसवतो. उजव्या टेबलाची अट जोडणीच्या ‘ऑन’ऐवजी व्हेअरमध्ये गेली की न जुळलेल्या ओळी गळतात, हे पाठ असूनही मागच्या आठवड्यात पुन्हा तेच केलं. ताळ्यात सापडलं. तुम्हाला फोन लावणार होते, मग म्हटलं, राहू दे, निस्तरू आपलं आपण.

तुमची,
अकाउंट्सवाली