शिष्यवृत्तीसाठी मुलांना वर्गात उभं का करता?

संपादक महोदय,

शिष्यवृत्तीचे अर्ज आले की आमच्या भागातल्या एका मराठी शाळेत वर्गशिक्षक पुकारतात, ‘एससीची मुलं उभी राहा.’ माझी नात त्याच वर्गात आहे. अर्जाला जात लागते, कबूल. पण ती शाळेच्या दाखल्यांत असतेच की! पालकांना बोलावून अर्ज हातात द्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ छडीइतकीच मानसिक छळालाही मनाई करतं.

वर्ग झाडायला मात्र हटकून विडी कामगारांच्या मुली. झाडण्याच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावा, त्यात पुढाऱ्याच्या पोराचंही नाव येऊ द्या. अक्षर दासोहाच्या (कर्नाटकातल्या शाळांतलं दुपारचं मोफत जेवण) पंगतीला मुलं हजेरी क्रमांकाने बसवा आणि गुरुजींनीही त्याच पंगतीत बसावं. याला कुठलं अनुदान लागत नाही.

मराठीवरच्या अन्यायाबद्दल आम्ही सीमाभागातले लोक तावातावाने बोलतो (बोलायलाच हवं), मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगणारं घटनेचं कलम ३५०-अ तोंडपाठ असतं. पण १९२५ साली बाबासाहेब बहिष्कृतांच्या परिषदेसाठी निपाणीत आले होते, हे किती वर्गांत सांगितलं जातं?

पुढचे अर्ज निघण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी सर्व शाळांना याबाबत लेखी सूचना द्यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, निपाणी