‘बघते मी’ म्हणू न देणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

निरोप समारंभात सगळे तुमच्या शिस्तीबद्दल बोलले. मला सांगायचं होतं ते वेगळं होतं आणि दोन मिनिटांत मावणारं नव्हतं. शिवाय समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. नुकतेच कुणाचे तरी वरिष्ठ झालेले लोकही ते वाचतील, तर बरंच.

विभाग माझ्याकडे आला तेव्हा अभिनंदनापाठोपाठ तुम्ही ताकीद दिली होती, “कुणी अडचण घेऊन आलं की ‘बघते मी’ म्हणायचं नाही.” विक्रमराजा बोलला की वेताळ खांद्यावरून उडून झाडावर जायचा. ऑफिसात उलटं, आपण ‘बघते मी’ म्हटलं की तो येऊन खांद्यावर बसतो, असं तुमचं म्हणणं. काम ज्याचं होतं तो आपल्या उत्तराची वाट बघत बसतो आणि संध्याकाळी आपणच कुरकुरतो, की टीममध्ये कुणी पुढाकार घेत नाही. तुम्ही विचारायचात, “तुला काय वाटतं? आणि आता काय करणार आहेस?” सुरुवातीला राग यायचा. उत्तर माहीत असून ही बाई देत नाही, असं वाटायचं. पुढे तुमच्या केबिनकडे निघण्याआधीच माझ्याजवळ दोन पर्याय तयार असायचे, आणि बरेचदा मग यावंच लागायचं नाही.

‘तुझं तू ठरव’ म्हणून हात झटकणारे वरिष्ठही मी पाहिलेत, आणि ते त्यालाच अधिकार देणं म्हणतात. तुम्ही काम सोपवताना चार गोष्टी स्पष्ट सांगायचात: काय साधायचं आहे, केव्हापर्यंत, किती खर्चापर्यंत विचारायची गरज नाही, आणि काय आधी कानावर घालायचंच. ग्राहकाला दिलेला शब्द मोडणं आणि कुणाची नोकरी जाणं, या दोन बाबतींत सवलत नव्हती. बाकी ‘कसं करायचं’ हे सगळं माझ्यावर. नव्या माणसाकडे रोज डोकवायचं, मुरलेल्याकडे आठवड्याने. पण तोच मुरलेला माणूस एखाद्या अगदी अनोळखी कामावर गेला, तर पुन्हा रोज. हे शेवटचं फार कमी जणांच्या ध्यानात येतं. अनुभवी आहे म्हणून त्याला सोडून देतात, तो एकटाच चाचपडतो, आणि विचारायला त्यालाही कमीपणा वाटतो.

आठवड्याची ती अर्ध्या तासाची भेट तुम्ही कधी पुढे ढकललीत, रद्द मात्र केली नाहीत. विषय मी आणायचे. काम कुठवर आलं हे त्यात विचारायचं नाही, ते कागदावर दिसतंच. तुमचे ठरलेले प्रश्न दोनच होते, “कशामुळे अडतंय? त्यातलं माझ्यामुळे किती?” दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर लवकर मिळत नाही. मिळालं की समोरचा आपला चेहरा वाचतो, आणि पुन्हा बोलायचं की नाही ते तिथेच ठरवतो. संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करताना एक कोडं पडलं होतं. ज्या टीम चांगल्या, तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या. तिथले लोक जास्त चुकत नसावेत, चुका जास्त मोकळेपणाने सांगत असावेत, असा त्यांनी अर्थ लावला. हे वाचताना तुमची सोमवारची मीटिंग आठवली. वाईट बातमी आणणाऱ्याला तुमचं पहिलं वाक्य असायचं, “बरं झालं, आजच कळलं.” तुमचं स्वतःचं मत मात्र सगळ्यात शेवटी.

कानउघाडणीतही तुम्ही माणसाला कधी हात लावला नाहीत. ‘तू निष्काळजी आहेस’ असं नाही, तर “तिसऱ्या पानावरचे आकडे पाचव्याशी जुळत नाहीत, हे बघितल्यावर ग्राहक पुढचं वाचणार नाही.” अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरी फायद्याकडे झुकत होती, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम उलट घसरलेलं निघालं. लक्ष कामावरून हटून ‘मी कसा आहे’ इकडे वळलं की असं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. तुम्ही हे वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. कौतुक करताना तुम्ही हात फार आखडता घ्यायचात. “पुढचं अवघड काम दिलं, हेच कौतुक,” म्हणायचात. मी बोलून दाखवते, आणि नेमकं काय आवडलं तेही सांगते. नाहीतर यातलं पुन्हा काय करायचं, ते समोरच्याला कळणार कसं?

आणि सगळ्यात मोठं ऋण. दुसऱ्या विभागाने मला मागितलं तेव्हा वर्षअखेर तोंडावर होती. नकार दिला असतात, तर कुणी नावं ठेवली नसती. तुम्ही होकार दिलात, अट एकच, की जाण्याआधी माझ्या जागी येणाऱ्याला मी तयार करायचं. तुमच्याकडची चांगली माणसं अशी सतत बाहेर जायची, आणि तरीही नवी हुशार मुलं तुमच्याच विभागात यायला धडपडायची. इथून माणूस वर जातो, हे सगळ्यांना दिसत होतं. ज्यांनी आपली चांगली माणसं अडवून धरली, त्यांच्याकडची ती शेवटी कंपनीच सोडून गेली.

गेल्या आठवड्यात माझ्या सहायक व्यवस्थापिकेला दुसरीकडून बोलावणं आलं. मला ती हवी होती, वेळही गैरसोयीची होती. संमतीवर सही केली आहे. तिच्या जागी येणाऱ्याला सध्या तीच शिकवते आहे.

मनापासून आभार, मॅडम.

आपली,
तुमच्या हाताखाली शिकलेली एक जण