सुई आधी सोडायची

ठाणे, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनू,

दसऱ्याच्या सुमारास फोनवर तू विचारलंस, "अगं पण रोज एक चित्र काढून मिळतं काय? विकली जातात का?" आणि मी नंतर सांगते म्हणून विषय बदलला. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. आता महिना संपला, वही भरत आली, शाईची बाटली तळाला गेली आणि सांगायचं एवढं साठलंय की मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून पत्रच लिहितेय. पोरं झोपली की चहा घेऊन वाच.

हे इंकटोबर प्रकरण मी तुला नीट सांगितलंच नव्हतं. जेक पार्कर नावाचा एक अमेरिकन चित्रकार, त्याने २००९ साली स्वतःचं शाईचं काम सुधारावं आणि रोज काढायची सवय लागावी म्हणून ऑक्टोबरभर रोज एक चित्र शाईने काढायचं ठरवलं, मग बघता बघता जगभरातले लोक त्यात आले. ३१ दिवस, ३१ चित्रं. आधी पेन्सिलने कच्चं काढलेलं चालतं, शेवट मात्र शाईत. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड काढा, नाहीतर आठवड्याला एक, तेही चालतं. २०१६ पासून दर दिवसाला एक शब्द अशी यादी पण येते पण ती मी घेतली नाही. मला ठाणं काढायचं होतं. म्हणून घरातून चालत किंवा एका रिक्षात पोचता येईल अशा ३१ गोष्टींची यादी मीच केली आणि फ्रिजवर लावली. तलावपाळीचं पाणी, कोपिनेश्वरचा कळस, स्टेशनच्या पुलाचा जिना, जांभळी नाक्यावरची फुलवाली, उपवनच्या पायऱ्या, आईची नारळाची खवणी, आमच्या जिन्यात कित्येक वर्षं पडून असलेली सायकल, असं काय काय.

तुला माहितीये मी गेली नऊ वर्षं सगळं काम टॅबवर करते. शाळेची पुस्तकं, गोष्टीची पुस्तकं, सगळं. स्क्रीनवर दोन बोटं टेकवली की रेघ परत जाते, मग दुसरी, मग तिसरी, एका नाकासाठी कधी कधी चाळीस वेळा. काम चांगलं होतं, पैसे मिळतात, तक्रार नाही. पण यावर्षी जूनमध्ये बँकेत एक फॉर्म भरताना त्यांनी कोपऱ्यात छोटासा नकाशा काढायला सांगितला, घर कुठे आहे ते दाखवायला, आणि साध्या बॉलपेनने रस्त्याची पहिली रेघ मारताना माझा हात थबकला मनू. मी, जिला शाळेत सगळे फळ्यावर चित्र काढायला उभं करायचे. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. त्या रात्रीच ठरवलं.

सामान फार नाही लागत. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची बाटली, टाक, दोन-तीन निबा, त्यातली एक जपानी कॉमिक्सवाले वापरतात ती 'जी' (इंग्रजी G) निब, दाबली की तिची दोन पाती फाकतात आणि केसाएवढी रेघ एकदम जाड होते. कागद मात्र जाड हवा, मी २०० जीएसएमची वही घेतली, कारण पातळ कागदावर शाई फुटते, रेघेला मिशा येतात. पहिल्या दिवशी निबेवर शाई थांबेचना, थेंब थेंब होऊन घसरायची, दोन कागद फुकट गेले. मग कळलं की नवीन निबेला गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो टूथपेस्टने घासून काढायचा. घासली, धुतली, पुसली, आणि मग काय सांगू, ती खरखर! कागदावर निब चालते तेव्हा आवाज येतो हे मी विसरलेच होते. काचेवर नऊ वर्षं काढली ना.

एक चूक फार लागली, ती पण सांगते. निब सारखी बुडवायचा कंटाळा आला म्हणून चौथ्या दिवशी मी बाबांच्या जुन्या शाईपेनात ही ड्रॉइंग इंक भरली. भरायची नसते. ह्या शाईत लाखेसारखा चिकट भाग असतो, वाळली की पक्की बसते, म्हणूनच तर वॉटरप्रूफ. सकाळी पेन ठार बंद. बाबा रिटायर होईपर्यंत त्याच पेनने सह्या करायचे. मला त्यांना सांगायचं धाडस होईना, दोन दिवस कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा थेंब टाकून भिजत ठेवलं, पाणी बदललं, परत ठेवलं. तिसऱ्या दिवशी बाबांनीच वाटी बघितली. काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि जुन्या टूथब्रशने जीभ घासायला लागले, अर्धा तास घासत होते. आता चालतं ते पेन, थोडं अडखळतं. त्यात साधी निळी शाई भरून त्यांनी परत खिशाला लावलंय.

दसरा २ तारखेला होता, म्हणजे माझा दुसराच दिवस. आईने पाटीपूजनाला टाक, निबा, सगळं पाटावर मांडलं, वर झेंडू ठेवला, आणि म्हणाली आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशीच खंड पडणार म्हणून मी रडवेली झाले. तर आईच म्हणाली, अगं शाई वाटीत काढून घेतलीयेस ना, खराट्याची काडी घे की. गॅलरीत बसून काडीने काढलं, दारावरचं तोरण. काडी शाई धरत नाही, दोन इंचात संपते, रेघ मध्येच तुटते, जाड होते, आणि आंब्याची पानं अशी खरी आली की मी बराच वेळ बघत बसले. ते एक चित्र मी आईला देऊन टाकलं.

आता मुद्द्यावर येते. तुला एलिमेंटरीची परीक्षा आठवते? वस्तुचित्राचा पेपर, पुढे मांडलेला तांब्या, शेजारी दोन कांदे. आपण सगळं रंगवून झालं की शेवटी पोस्टर कलरच्या ट्यूबमधला पांढरा बोटावर घेऊन तांब्याच्या पोटावर एक ठिपका द्यायचो, आणि तांब्या चकाकायला लागायचा. तुझा ठिपका तर नेहमी अचूक जागी पडायचा, उगाच नाही तुला ए ग्रेड मिळाली. उजेड शेवटी द्यायचा, हेच आपल्या हातात बसलं. टॅबवर पण मी तेच करते, सगळ्यात वरच्या लेयरवर पांढरं.

शाईत पांढरं नसतंच मनू. पांढरं म्हणजे कागद. तो एकदा काळा झाला की झाला. म्हणजे उजेड कुठे आहे ते पहिली रेघ मारायच्या आधी ठरवायला लागतं आणि मग पूर्ण वेळ ती जागा सांभाळत बसायला लागतं. हे मला पुस्तकी माहीत होतं. कळलं मात्र १४ तारखेला, जांभळी नाक्यावर.

दिवाळी तोंडावर, गर्दी म्हणजे विचारू नकोस. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून समोरच्या फुलवालीला काढत होते. साठीच्या असतील मावशी, पुढ्यात झेंडूचा ढीग, लांब सुईत फुलं ओवत होत्या, न बघता, तोंडाने गिऱ्हाईकाशी भाव चाललेला. ऑक्टोबरचं ऊन तुला माहितीये कसं असतं, पाऊस गेल्यावरचं, कडक, सावल्या एकदम काळ्या कुळकुळीत पडतात, शाईवाल्याला असं ऊन म्हणजे पर्वणीच. त्यांच्या छत्रीखालचा अंधार मी मस्त भरला, सगळा काळा, त्यातून चेहरा, हात, साडीचा काठ बाहेर आला. तासाभराने त्यांनीच हाक मारली, दाखव की गं काय काढलंस. दाखवलं. बराच वेळ बघितलं त्यांनी, स्वतःच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. मग म्हणाल्या, "बाय, सुई कुठाय?"

खरंच नव्हती. बोटं होती, ओवायची मुद्रा होती, फुलं होती, सुई नव्हती. त्या अंधारात ऊन पकडून चमकणारी सगळ्यात उजळ गोष्ट तीच होती आणि मी ती काळ्यात बुडवून टाकली होती. पर्समध्ये पांढरं जेल पेन होतं, ते लावून बघितलं, तर काळ्यावर राखाडी दोरा चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. मावशींनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. उद्या ये," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेले. यादीतलं दुसरं काहीतरी होतं त्या दिवशी, ते सोडलं. त्याच पायरीवर बसले आणि पेन्सिलने आधी फक्त सुई काढली, दोन समांतर रेघा, मध्ये मिलिमीटरभर कागद. बाकी काहीच नाही. मग त्या मिलिमीटरच्या दोन्ही बाजूंनी अंधार भरत गेले, निबेच्या टोकाने, श्वास धरून, दर रेघ सुईपाशी येऊन थांबवायची. मग बोटं, मग फुलं, चेहरा सगळ्यात शेवटी. दोन तास लागले. मावशींनी बघितलं, बोट टेकवणार होत्या, शाई ओली असेल म्हणून वरच्या वर थांबवलं आणि म्हणाल्या, हां. तेवढंच. आणि एक शेवंतीची वेणी दिली, पैसे घेतले नाहीत.

तिथून पुढची सगळी चित्रं वेगळी आहेत, वही बघशील तेव्हा तुला लगेच कळेल. तलावपाळीचं पाणी मी पहिल्या आठवड्यात काढलं होतं, नुसत्या लाटा लाटा, दोरखंडासारखं दिसतंय. परत पहाटे जाऊन काढलं, तेव्हा पाणी काढलंच नाही, फक्त दिव्यांच्या मधले अंधाराचे पट्टे काढले, आणि दिवे आपोआप पाण्यात लांब झाले. कोजागरीला गच्चीवर दुधाचं पातेलं काढलेलं, त्यात चंद्र म्हणून एक गोल गिरवलाय मी, गोल! आज असता तर त्याच्याभोवतीचं दूध करडं केलं असतं.

मध्ये दोनदा मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन जुने दिवाळी अंक काढून बसले. आपलं ठाण्याचं ते १८९३ चं, लहानपणी तू गोष्टीची पुस्तकं न्यायचीस ते. दीनानाथ दलालांची काळी-पांढरी चित्रं परत बघितली, वसंत सरवट्यांची बघितली. सरवटे किती थोड्या रेघांत माणूस उभा करतात गं, उरलेलं सगळं कागदावर सोडून देतात. उलट मारिओ मिरांडा, गोव्यातले, त्यांची चित्रं गच्च भरलेली, आडव्या-उभ्या बारीक रेघांच्या जाळ्या, पण त्यातही नजर बरोबर मोकळ्या जागेवर जाऊन बसते. लहानपणी आपण गोष्टीच्या मध्ये आलेलं चित्र म्हणून पान उलटायचो. आता एकेक पानावर वीस वीस मिनिटं जातात माझी.

३१ पूर्ण झाली नाहीत, हे पण सांगते. २० ते २३ काहीच काढलं नाही. पहिली आंघोळ, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, घर माणसांनी भरलेलं, दादा वहिनी पुण्याहून आलेले. आधी जीव खालीवर झाला, रात्री एकला उठून काढू का असं पण वाटलं, मग नाही काढलं. भाचीला मांडीवर घेऊन चकल्या खाल्ल्या. नंतर भरून काढायला दिवसाला दोन-दोन काढणं मला पटलं नाही, ती नुसती हजेरी झाली असती. २७ आहेत. चार पानं वहीत कोरी सोडलीयेत, तारखा घालून.

तर विकलं का, तर एक विकलं गेलं, स्टेशनच्या जिन्याचं, माझ्या बिल्डिंगमधल्या काकांनी घेतलं, ते रोज तिथूनच जायचे ३४ वर्षं. बाकी विकायची नाहीयेत. मिळालं काय ते तुला एका वाक्यात अजूनही सांगता येत नाही. परवा एका पुस्तकाचं काम टॅबवर करायला बसले, कंदील घेऊन चाललेली मुलगी, आणि माझ्या लक्षात आलं की मी दहा मिनिटं नुसती कोऱ्या स्क्रीनकडे बघत होते, कंदिलाचा उजेड कुठे कुठे पडेल ते शोधत. मग काढलं. दोन बोटं दिवसभरात तीनदाच टेकवली असतील.

आता तुझं. तू म्हणशील वेळ नाही, माहितीये, सांगलीची सकाळ पाण्यापासून डब्यापर्यंत कशी जाते ते बघून आलेय मी. पण ह्या पाकिटात पुठ्ठ्याला चिकटवून एक निब पाठवतेय, माझ्यासारखीच 'जी' निब, टाक तिथे कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळेल, शाई कुरिअरमध्ये सांडते म्हणून पाठवत नाही. आणि हाताएवढे कापलेले पाच जाड कागद आहेत. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून संध्याकाळी कट्ट्यावर जो उन्हाचा चौकोन पडतो ना, मी आले होते तेव्हा तू त्यात तांदूळ निवडत होतीस, तो मला हवाय. तांब्यावरचा ठिपका जिला अचूक देता यायचा तिच्याच हातचा हवाय.

जानेवारीत जमवून ये. तोपर्यंत खाडीत फ्लेमिंगो आलेले असतील, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, भरतीची वेळ बघून जायला लागतं, मी बुकिंग करून ठेवते. गुलाबी पक्षी काळ्या शाईत कसा काढायचा यावर मी आत्तापासून विचार करतेय, तू पण कर.

बाबांनी तुला आशीर्वाद सांगितलेत, आईने खराट्याच्या काडीची गोष्ट आवर्जून लिहायला सांगितली होती, ती लिहिली. निब पहिल्यांदा वापरायच्या आधी टूथपेस्टने घास, विसरू नकोस.

तुझी,
शमू