माई, तुम्ही माझा वाटा काढून ठेवलात

माई, सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या घरी लॅपटॉप घेऊन कामाला बसते, पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गो, कामाला लाग" म्हणत आत निघून जाता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

लग्नानंतर सांगलीहून पणजीला आले तेव्हा इथे माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. नवरा वेर्ण्याच्या औषध कंपनीत. कंपनीची बस पहाटे त्याला घेऊन जायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची. माझी नोकरी पुण्याची, पण २०२० पासून घरूनच. दिवसभरात मी मोठ्याने बोललेलं वाक्य म्हणजे "माझा आवाज येतोय का?" सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकू आला की घरात कालचे पाव शिल्लक असले तरी मी जिना उतरून खाली जायचे. तो पाव मोजून द्यायचा, पावसाबद्दल एखादं वाक्य बोलायचा आणि सायकल पुढे काढायचा. मला तेवढंही हवं असायचं.

आमचे साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात की आपण सगळे एक कुटुंब आहोत. माझे सासरे गेले त्या आठवड्यात या कुटुंबाकडून "काळजी घे" एवढा एक मेसेज आला, आणि त्याच्या पाठोपाठ राहिलेल्या कामांची यादी. हे मी विसरलेले नाही.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून उत्तरेकडच्या किनारपट्टीवर एका को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याने बसून काम करायच्या सामायिक जागेत, महिन्याचा पास काढला. जागा सुरेख होती, खुर्च्या महागड्या, कॉफीही उत्तम. पण सगळ्यांच्या कानांवर हेडफोन आणि नजरा स्क्रीनवर. आज शेजारी बसलेला माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात. तिथल्या व्यवस्थापकाला माझा पासवर्ड माहीत होता, माझं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पाय मुरगळल्यामुळे काही दिवस येता येणार नाही असं कळवलं, तर उत्तर आलं की न वापरलेले दिवस पुढच्या महिन्यात धरले जाणार नाहीत. बरी आहेस का, हे विचारायला पैसे पडत नाहीत हो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा भोगावा लागतो. तोवर मी समजत होते की माझ्यातच काहीतरी कमी आहे, माणसं जोडायची कला मला येत नाही. तुमच्या घरी आले तेव्हा मी अशी मनाने पार आक्रसून गेलेली होते.

पणजीच्या मळा भागातलं तुमचं ते जुनं घर. पुढचा हॉल आणि दोन खोल्या, शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दुधी उजेड, नातवंडांची अभ्यासाची टेबलं, इन्व्हर्टर आणि बरं इंटरनेट. मुलं परदेशी गेल्यावर एवढ्या घरात एकटीने काय करायचं म्हणून तुम्ही ते कामाला बसणाऱ्यांसाठी उघडलंत. फलक नाही, जाहिरात नाही. पहिल्या दिवशी तुम्ही मला तीन प्रश्न विचारलेत: माहेर कुठलं, मासे खातेस का, आणि दुपारी डबा आणणार की आमच्यात जेवणार. मी "डबा आणेन" म्हटलं आणि बरेच दिवस खिडकीपाशी स्क्रीनसमोरच जेवले. तुम्ही कधी आग्रह केला नाहीत. जाता-येता फक्त "जेवलीस गो?" एवढंच.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

ऑगस्टमध्ये मला ताप आला. कुणाला कळवलं नाही, कारण कळवायचं तरी कुणाला आणि कशाला, असंच मला वाटत होतं. उठून बसता येऊ लागल्यावर कामावर आले. पिशवी टेबलावर ठेवते न ठेवते तोच तुम्ही आतून म्हणालात, "बाय, फ्रिजात बघ. खालच्या कप्प्यात." तिथे स्टीलचा एक लहान डबा होता. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर तुमच्या गोल अक्षरात माझं नाव. आत हळदीच्या पानातल्या दोन पातोळ्या. १५ ऑगस्टच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, आपल्यात कामाला बसणाऱ्या दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या आर्किटेक्टच्या आईने केलेल्या, तिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी आणलेल्या. पानं काळपट पडली होती, तांदळाचं आवरण कडक झालं होतं. तुम्ही डबा माझ्या हातातून घेतलात, पातोळ्या पुन्हा वाफवल्यात आणि बशीत घालून दिल्यात. मी म्हटलं, "माई, मी तर नव्हतेच." तुम्ही म्हणालात, "तू नव्हतीस, वाटा होता ना."

पान उलगडल्यावर हळदीचा आणि गुळाचा तो वास आला आणि मला रडू कोसळलं. तुम्ही पाहिलंत आणि न पाहिल्यासारखं केलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

माझ्या आजीकडे कुणी घरी यायचं राहिलं की त्याचं ताट झाकून ठेवायचे. रात्री कितीही उशीर होवो, ते ताट कुणी उचलायचं नाही. घरातला माणूस घरात नसतानाही मोजला जायचा. सासरी-माहेरी सोडून दुसऱ्या कुणी मला असं मोजलेलं मला आठवत नाही. तुमच्या यादीत मी फक्त महिन्याचं भाडं देणारी होते, आणि तरीही गोड वाटताना तुम्हाला माझी आठवण झाली.

त्या दिवसापासून मी जेवायच्या टेबलावर बसायला लागले. बाकीचं मग आपोआप झालं. जीएसटीवाल्या काकांनी माझं रिटर्न भरून दिलं, गेम बनवणाऱ्या पोरांना मी मराठी संवाद तपासून दिले. तुमच्या माहेरच्या जत्रेला तुम्ही आम्हा सगळ्यांना फोंड्याकडच्या अंत्रुज महालात घेऊन गेलात. देवळासमोरच्या मांडवात पहाटेपर्यंत मराठी नाटक बघितलं, गावातलीच माणसं राजे आणि गावातलीच माणसं सेवक. मध्यरात्री चहाच्या टपरीपाशी मला हसताना पाहून नवरा म्हणाला, तुला असं हसताना किती दिवसांनी बघतोय.

गेम बनवणाऱ्या त्या पोरांपैकी एकाने सांगितलं की को-वर्किंगच्या जागांची सुरुवात २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने केली. त्याला एकट्याने काम करण्याचं स्वातंत्र्य हवं होतं आणि ऑफिसातली सोबतही. आठवड्यातले दोन दिवस त्याने एक जागा घेतली. पहिला महिनाभर तिकडे कुणी फिरकलंच नाही. पण दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, हे त्याच्या कल्पनेत पहिल्यापासून होतं. तिथून इथवर येताना खुर्च्या आल्या, कॉफीची यंत्रं आली, पॅकेजं आली, आणि जेवणाचं टेबल तेवढं बऱ्याच ठिकाणी गळून गेलं. तुम्ही त्या न्यूबर्गचं नावही ऐकलं नव्हतं, पण दीड वाजता लॅपटॉप मिटायला लावता.

गोव्यातल्या जुन्या घरांना बाल्कांव, म्हणजे पुढची ओसरी, असतो; तिथे रस्त्याकडे तोंड करून बसायला सोपे, म्हणजे बांधीव बाकं, असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची सोय घर बांधतानाच केलेली. चांगुलपणा मला तसाच वाटतो, रोजच्या वापरातला. त्यासाठी कुणी थोर असावं लागत नाही. कोण आलं नाही याकडे लक्ष असावं लागतं. माझ्या साहेबांना हे जमलं नाही, त्या महागड्या जागेला जमलं नाही. तुम्ही हे करता आणि तुम्हाला ते सांगण्यासारखंही वाटत नाही.

आता एक भांडण. आसपासच्या घरांची एकेक करून होमस्टे आणि कॅफे होताहेत, तुमच्याकडेही माणसं विचारायला येतात, आम्ही ऐकतो. तुम्ही त्यांना परत पाठवता आणि आमच्याकडून मात्र सुरुवातीचंच भाडं घेता. विजेचं बिल कितीने वाढलं ते काकांनी बघितलंय. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय: पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवून देणार. पैसे काकांकडे जमा होतील आणि बिल ते परस्पर भरतील. तुम्ही नाही म्हणायचं नाही, आणि म्हटलंत तरी आम्ही ऐकणार नाही.

तुमची,
खिडकीजवळची बाय