मंत्रिमहोदय, इमारत आणि माती एकत्र हलवून पाहा

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मोठ्या पुलाची किंवा रुग्णालयाची फाइल आपल्यापुढे येते तेव्हा तिच्यात दोन जाडजूड अहवाल असतात, एक मातीचा आणि एक इमारतीचा. त्यांच्यावर सह्या करणाऱ्यांची पुष्कळदा एकमेकांशी ओळखही नसते. मातीवाला धारणक्षमतेचा, म्हणजे माती किती भार पेलेल याचा, आकडा देतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर तो आकडा उचलतो आणि संगणकात खांबांचे तळ असे जखडून टाकतो, जणू खाली माती नसून पोलादी ठोकळाच आहे. माझी सगळी नोकरी पहिल्या अहवालाच्या बाजूला गेली, म्हणून माती आणि इमारत यांची चाचणी एकत्र व्हावी, अशी विनंती करणारे हे पत्र.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटी हादरली. भूकंपाचे केंद्र ३५० किलोमीटरहून दूर होते. शहराचा मोठा भाग जुन्या तलावाच्या मऊ चिकणमातीवर वसलेला आहे, आणि तिथला हादरा जवळच्या खडकाळ भागाच्या चार-पाच पट झाला. ती माती साधारण २ सेकंदांच्या झोक्याने हलत होती. सर्वाधिक नुकसान सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचे झाले. कागदावर अशा अनेक इमारतींचा आवर्तकाल, म्हणजे एकदा डोलायला लागणारा वेळ, २ सेकंदांच्या बराच खाली होता, पण मऊ पायावर इमारत अधिक संथ डोलते. शिवाय हादऱ्यात तडे गेले की ती आणखी संथ होते, म्हणजे नेमकी मातीच्या तालाकडे सरकते.

हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या व्यवसायात उलटी समजूत रुळली आहे. मऊ माती म्हणजे गादी, ती धक्का खाते, तेव्हा भूकंपाचे बळ थोडे कमी धरले तरी चालेल, अशी. काही देशांच्या बांधकाम संहिता अशी कपात मान्यही करतात. कधी ती बरोबर ठरते, कधी जीवघेणी. कोणत्या जागी काय होईल, हे दोन वेगळ्या अहवालांची बेरीज करून कळत नाही.

१९६४ च्या भूकंपात जपानमधल्या निगाता शहरात तर काही इमारती मोडल्या नाहीत, वाळूचे द्रवीकरण होऊन, म्हणजे पाण्याने भरलेली वाळू हादऱ्यात द्रवासारखी होऊन, जवळजवळ अखंड कलंडल्या. स्ट्रक्चरचा अहवाल उत्तम म्हणायचा!

एकत्र चाचणी कशी होते, ते थोडक्यात सांगतो. छोट्या पेटीत वाळू भरून तिच्यावर इमारतीची प्रतिकृती ठेवली आणि हलवली, तर निष्कर्ष फसवा निघतो. वाळूचा कडकपणा तिच्यावरच्या दाबावर अवलंबून असतो आणि पेटीत तो दाबच नसतो. म्हणून पेटी सेंट्रिफ्यूज या फिरत्या यंत्राच्या लांब हाताला लावून गरागरा फिरवतात. गुरुत्वाच्या ५० पट ओढीत ३० सेंटिमीटर वाळू १५ मीटर थरासारखी वागते. पेटीच्या भिंती एकमेकींवर सरकणाऱ्या चौकटींच्या असतात, नाहीतर लाटा भिंतीवर आपटून परत येतात. साधे पाणीही चालत नाही. या मापात हादरा ५० पट वेगाने उरकतो, तर पाण्याचा निचरा २५०० पट वेगाने. साधे पाणी भरले तर कणांमधल्या पाण्याचा दाब अवेळी निघून जातो आणि वाळू आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसते. म्हणून त्यात मिथाइल सेल्युलोज नावाची पूड मिसळून ते ५० पट घट्ट, म्हणजे तितकेच संथ वाहणारे करतात. चाचणीचा अहवाल आला की कोणीतरी एवढा एकच प्रश्न विचारावा, की पेटीत कोणते पाणी होते?

माझी विनंती साधी आहे. मऊ चिकणमाती किंवा पाण्याने भरलेली सैल वाळू असलेल्या जागी महत्त्वाचे काम मंजूर करताना माती, पाया आणि इमारत यांची एकत्र चाचणी मागा. प्रत्येक कामाला ते परवडणार नाही, हे मान्य. तिथे निदान संगणकातले गणित अशा चाचण्यांशी ताडून पाहिल्याचा पुरावा हवा. जपानने २००५ मध्ये मिकी इथे २० बाय १५ मीटरचा, १२०० टन पेलणारा कंपनमंच, म्हणजे भूकंपासारखा हलणारा चौथरा, सुरू केला. मी तेवढे मागत नाही. मध्यम आकाराचे एक सेंट्रिफ्यूज आणि ते चालवणारी माणसे टिकवायला कायमचा निधी मागतो, कारण यंत्र एकदा विकत घेता येते, पण वाळू एकसारखी पेरणारा हात तयार व्हायला वर्षे जातात. आणि सगळ्या चाचण्यांची कच्ची नोंद खुली असावी, फसलेल्यांचीसुद्धा. मी पाहिलेल्या एका प्रयोगशाळेत फसलेल्या चाचण्या कपाटात जात. खरे तर आम्ही सर्वाधिक शिकलो ते त्या कपाटातूनच.

पहिल्या चाचणीला आपण स्वतः यावे. वाळू भरायला आठवडा लागेल, तेव्हा कधीही या. हादरा मात्र २० सेकंदांचा असेल तर त्या पेटीत ०.४ सेकंदात संपतो, तेवढा वेळ पापणी लवू देऊ नका.

आपला नम्र,
माती परीक्षण प्रयोगशाळेतला एक निवृत्त अभियंता